क्लब विकायला काढला आहे, आम्ही काय करावे?

वाचकाचे पत्र :

«सप्रेम नमस्कार. मी गेली १९ वर्षे इंग्लंडमधील खालच्या विभागात खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे आणि त्यांपैकी १४ वर्षे एकाच स्टँडमधल्या एकाच खुर्चीवर बसत आलो आहे. माझी मुलगी आता १६ वर्षांची आहे आणि ती चार वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर सामन्यांना येते. गेल्या दीड वर्षात क्लबमधले पगार तीनदा उशिरा झाले. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईंना एका महिन्यात अर्धाच पगार मिळाला, तरी त्या पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे खिडकीत होत्या. क्लब विकायला काढला असल्याचे मालकांनी जाहीर केले त्याला आठ महिने झाले. ‘बोलणी अंतिम टप्प्यात आहेत’ हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले याची मोजदाद राहिलेली नाही. मालक अवाच्या सवा किंमत मागतात, म्हणून खरेदीदार परत जातात, असे सगळीकडे बोलले जाते. आता पुढच्या हंगामाचे सीझन तिकीट महिनाअखेरपर्यंत घ्यायचे आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे मित्र म्हणतात, जो तिकीट घेईल तो मालकाला पोसेल. यावरून आमचे बोलणे बंद झाले आहे. मुलगी विचारते, यात खेळाडूंचा आणि खिडकीवरच्या बाईंचा काय दोष? रात्री दोन वाजता उठून मी फोनवर विक्रीच्या बातम्या शोधतो. खरेदीदार कोणीही असो, एकदाचा क्लब विकला जावा, एवढेच आता वाटते. मी काय करावे?

— एक थकलेला पाठीराखा»

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्यातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी थांबले. ‘खरेदीदार कोणीही असो.’ आठ महिने ताटकळल्यावर माणसाच्या तोंडून हे वाक्य निघते हे मला समजते, पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट मला तिकीट किंवा मित्राशी झालेला अबोला वाटत नाही, हे वाक्य वाटते. म्हणून तुमच्या क्रमाने न जाता मी तिथूनच सुरुवात करते.

पोर्ट्समथ या इंग्लिश क्लबने २००८ मध्ये एफए कप ही देशातली मोठी बादस्पर्धा जिंकली होती आणि २००९-१० च्या एकाच हंगामात त्या क्लबने चार मालक पाहिले. प्रत्येक बदलाच्या वेळी ‘आता तरी’ असे म्हणणारे पाठीराखे होतेच. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०१० मध्ये, दिवाळखोरीच्या कायद्याखाली प्रशासकाच्या (मालकाऐवजी क्लब चालवून देणी निपटायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) हाती गेलेला प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब ठरला आणि २०१३ पर्यंत चौथ्या विभागात घसरला. बरी हा १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला क्लब डिसेंबर २०१८ मध्ये १ पौंडाला विकला गेला. पुढच्या वसंतात संघाने वरच्या विभागात बढती मिळवली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या विभागात एकही सामना खेळण्यापूर्वी क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली, कारण देणी भागवायला पैसे आहेत याचा पुरावा लीगला समाधानकारक वाटेल असा मिळालाच नाही. स्कॉटलंडमधील रेंजर्सचीही २०११ ची विक्री १ पौंडाचीच होती. तिथे नव्या मालकाने पुढच्या काही हंगामांच्या सीझन तिकिटांवर आगाऊ पैसा उभा करून त्यातून बँकेचे कर्ज फेडले, म्हणजे पीक उभे राहण्याआधीच विकून टाकले, आणि वर्षभराच्या आत क्लब प्रशासकाकडे गेला.

विक्री झाली की सुटलो, असे मानू नका, एवढ्यासाठी ही उदाहरणे दिली. आगीतून फुफाट्यात पडायला एक सही पुरते. तुम्हाला हवा आहे तो ज्याच्याजवळ पुढची दोन-तीन वर्षे तोटा सोसण्याइतका पैसा आहे आणि तो पैसा कुठून आला हे जो दाखवू शकतो असा खरेदीदार. हे मनाशी पक्के केलेत तर रोजच्या अफवांकडे पाहण्याची तुमची नजर बदलेल.

आता त्या ‘अंतिम टप्प्या’विषयी. क्लबची विक्री साधारणपणे अशी होते : खरेदीदार विकत घेण्याचा इरादा कळवणारे पत्र देतो, मग ठरावीक मुदतीपुरता मालक दुसऱ्या कोणाशी बोलत नाही, त्या मुदतीत खरेदीदाराचे वकील आणि लेखापाल क्लबचे करार, कर्जे, करांची थकबाकी आणि खेळाडूंचे राहिलेले हप्ते तपासतात, आणि मग मालक व संचालकांसाठी असलेल्या लीगच्या कसोटीत खरेदीदाराची व त्याच्या पैशाच्या स्रोताची छाननी होते. यांतल्या बहुतेक टप्प्यांवर दोन्ही बाजू गुप्ततेच्या कराराने बांधलेल्या असतात, त्यामुळे ज्यांना खरे माहीत असते ते बोलू शकत नाहीत आणि जे बोलतात त्यांना बहुधा माहीत नसते. रात्री दोन वाजता तुम्ही जे शोधता ते त्या वेळी कुठेच नसते. डर्बी काउंटीचेच पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये तो क्लब प्रशासकाकडे गेला, त्या हंगामात शिक्षा म्हणून त्याचे एकूण २१ गुण कापले गेले आणि संघ खालच्या विभागात गेला. एप्रिल २०२२ मध्ये प्रशासकांनी एका अमेरिकी व्यावसायिकाला पसंतीचा खरेदीदार म्हणून जाहीर केले होते, तेव्हा सगळ्यांना सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटला. जूनमध्ये तो व्यवहार फिसकटला, कारण ठरल्या वेळी पैसा आलाच नाही. शेवटी १ जुलैला क्लब विकत घेतला तो डेव्हिड क्लाउज या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने, जो स्वतः लहानपणापासून त्याच क्लबचा पाठीराखा होता. आधी त्याने मैदान ताब्यात घेतले होते.

मैदानाचा उल्लेख मी मुद्दाम केला. तुमच्या पत्रात खेळाडू आहेत, मालक आहेत, खिडकीवरच्या बाई आहेत, पण मैदान नेमके कोणाच्या नावावर आहे याविषयी एक शब्दही नाही. बहुतेक पाठीराख्यांचे असेच होते, कारण जिथे आपण १४ वर्षे बसलो ती जागा क्लबची नसेल असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत अनेक मालकांनी मैदान क्लबच्या कंपनीकडून स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकले आहे. डर्बीचे प्राइड पार्क २०१८ मध्ये असेच ८ कोटी ११ लाख पौंडांना गेले आणि शेफील्ड वेन्सडे या क्लबचे हिल्सबरो ६ कोटी पौंडांना. अशा विक्रीमुळे त्या वर्षीच्या हिशेबात तोटा झाकला जातो, पण क्लब स्वतःच्या घरात भाडेकरू होतो आणि पुढे विक्रीची वेळ आली की मालक दोन वस्तू दोन किमतींना विकायला बसतो. तुमचे मालक मागतात ती अवाच्या सवा किंमत क्लबची आहे, मैदानाची आहे की दोन्हींची, हे कळल्याशिवाय ती जास्त आहे की नाही हेही कोणाला सांगता येणार नाही.

मैदान हातचे गेले की काय होते ते कॉव्हेंट्री सिटीच्या पाठीराख्यांना विचारावे. त्या क्लबने २००५ मध्ये स्वतःचे जुने मैदान सोडले, नवे मैदान क्लबच्या मालकीचे नव्हते, आणि त्याच्या मालकांशी झालेल्या भांडणापायी २०१३-१४ चा हंगाम नॉर्थम्प्टनमध्ये आणि २०१९ ते २०२१ हे दोन हंगाम बर्मिंगहॅममध्ये ‘घरचे’ सामने खेळावे लागले. ते मैदान क्लबच्या मालकीचे व्हायला २०२५ साल उजाडले. याउलट बरीचे लोक पाहा : संघ गेला, लीगमधली जागा गेली, पण गिग लेन हे मैदान २०२२ मध्ये पाठीराख्यांच्या गटाने विकत घेतले आणि २०२३ पासून तिथे बरीच्या नावाने पुन्हा फुटबॉल सुरू झाले, कितीतरी पायऱ्या खाली, पण त्याच गवतावर.

मी काही वर्षे हिशेब तपासण्याच्या व्यवसायात होते, म्हणून एक घरगुती काम सांगते. ब्रिटनमधील प्रत्येक कंपनीची कागदपत्रे कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. तुमच्या क्लबचे नाव शोधा, शेवटचा वार्षिक हिशेब उघडा आणि पहिली चकचकीत पाने सोडून थेट मागे, टिपांपर्यंत जा. तिथे तीन गोष्टी पाहा. मालकाने क्लबला दिलेला पैसा कर्ज म्हणून लिहिला आहे की भांडवल म्हणून, कारण कर्ज असेल तर विक्रीच्या वेळी तो ते परत मागणार. जमिनीवर किंवा मैदानावर कोणाचा बोजा आहे का, आणि असल्यास कोणाचा. आणि पुढचे १२ महिने कंपनी चालू राहील याविषयी लेखापरीक्षकांनी शंका नोंदवली आहे का. हिशेब मुदतीत दाखलच झाले नसतील तर तेही एक उत्तरच आहे. अफवांच्या शंभर पानांपेक्षा ही तीन-चार पाने तुम्हाला जास्त सांगतील, आणि ती दिवसाउजेडी वाचता येतात.

आता तिकिटाकडे येते. मालकाला एक पैसाही देऊ नये, हे तुमच्या मित्राचे म्हणणे रागाचे असले तरी पोकळ नाही. ब्लॅकपूलच्या पाठीराख्यांनी ‘एक पेनीही अधिक नाही’ अशी घोषणा देऊन काही वर्षे स्वतःच्या मैदानाकडे पाठ फिरवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे क्लबचा कारभार गेला, आणि ९ मार्चच्या घरच्या सामन्याला १५ हजारांहून अधिक लोक परत आले. मैदानाबाहेर राहिलेली ती सगळी वर्षे त्यांनी सोसली होती. शेफील्ड वेन्सडेच्या पाठीराख्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या एका सामन्यावर बहिष्कार घातला तेव्हा त्या प्रचंड मैदानात जेमतेम ७ हजार माणसे होती. दोनच दिवसांनी क्लब प्रशासकाकडे गेला, १२ गुण कापले गेले, आणि ज्यांनी पाठ फिरवली होती तेच लोक तिकिटांसाठी व क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले, कारण आता पैसा कोणाच्या हाती जाणार हे बदलले होते. एक मात्र लक्षात ठेवा. ब्लॅकपूलचा मालक केवळ पाठीराख्यांच्या बहिष्काराने गेला नाही. भागीदाराने लावलेला न्यायालयीन दावा हे त्याचे मोठे कारण होते. बहिष्काराने मालकाची किंमत उतरते आणि जगाचे लक्ष वेधले जाते, पण क्लब ताब्यात येत नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्नही तितकाच खरा आहे. क्लब प्रशासकाकडे गेला तर खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे फुटबॉलच्या नियमांनुसार पूर्ण द्यावेच लागते. खाद्यपदार्थ पुरवणारे, छपाई करणारे, रुग्णवाहिका पाठवणारे मात्र विनातारण धनकोंच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहतात. त्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स न देता क्लब प्रशासकाच्या हातून बाहेर पडला तर आणखी १५ गुण कापले जातात, हा नियम त्यांच्यासाठीच आहे. सीझन तिकीट घेणारा पाठीराखाही, कायद्याच्या नजरेत, न झालेल्या सामन्यांपुरता त्याच रांगेतला असतो. आगाऊ तिकीट म्हणजे क्लबला दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्ज आहे, असे समजून निर्णय घ्या.

माझा सल्ला असा आहे. या महिनाअखेरीस सीझन तिकीट घेऊ नका. पगार तीनदा उशिरा देणाऱ्या मालकाच्या हाती वर्षभराचे पैसे उन्हाळ्यात एकदम देऊ नयेत, कारण ते कुठे खर्च होतात हे तुम्हाला कोणी दाखवणार नाही. ती रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा आणि मुलीबरोबर एकेका सामन्याचे तिकीट काढून जा. त्यातून खेळाडूंना तुमचा आवाज मिळेल, खिडकीवरच्या बाईंच्या समोर माणसे उभी दिसतील, आणि मालकाला पुढच्या मे महिन्यापर्यंतची रक्कम आजच्या आज मिळणार नाही. विक्री खरोखर पूर्ण झाली किंवा प्रशासक आला, तर त्याच दिवशी जाऊन उरलेल्या हंगामाचे तिकीट घ्या. याची किंमत आहे आणि ती मी लपवत नाही : ती खुर्ची जाईल, कदाचित कायमची. १४ वर्षांची जागा सोडणे ही किरकोळ गोष्ट नाही. ती सोडणे तुम्हाला झेपणार नसेल आणि तुम्ही तिकीट घेतलेत, तर कोणीही तुम्हाला गद्दार म्हणू नये. फक्त पैसे क्रेडिट कार्डाने भरा, कारण ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याप्रमाणे १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत विक्रेत्याने कबूल केलेले न दिल्यास कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरता येते.

पण यांपैकी काहीही एकट्याने केलेत तर मालकाच्या दृष्टीने तुम्ही फक्त एक गळालेले गिऱ्हाईक असाल. तुमच्या क्लबच्या पाठीराख्यांचा न्यास, म्हणजे त्यांची सभासद-संस्था, असेल तर त्याचे सदस्य व्हा, आणि सीझन तिकीट न घेणाऱ्यांची संख्या व त्यांनी बाजूला ठेवलेली एकूण रक्कम न्यासाने जाहीर करावी असा आग्रह धरा. पाचशे लोक घरी बसले तर ती गैरहजेरी ठरते. तेच पाचशे लोक अमुक इतके पौंड हाती ठेवून नव्या मालकाची वाट पाहत आहेत, असे कळले तर खरेदीदाराच्या लेखापालाला तो आकडा हिशेबात घ्यावा लागतो. न्यासाने स्थानिक परिषदेकडे मैदानाची नोंद ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून करून घेतली आहे का, हेही विचारा. २०११ च्या कायद्याने तशी सोय आहे. नोंद असेल आणि मैदान वेगळे विकायला काढले, तर स्थानिक गटाला बोली उभी करायला सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. ही नोंद मैदान विकायला निघाल्यावर करायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

न्यासाने क्लबच विकत घ्यावा का, असा प्रश्न लवकरच तुमच्यासमोर येईल. पोर्ट्समथच्या पाठीराख्यांनी प्रत्येकी १,००० पौंडांचे भाग घेऊन एप्रिल २०१३ मध्ये क्लब वाचवला, चार वर्षे नीट चालवला, आणि २०१७ मध्ये सभासदांच्या मतदानाने अमेरिकी खरेदीदाराला विकला, कारण जुन्या मैदानाच्या दुरुस्तीला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता. एडिनबरोच्या हार्ट्स या क्लबमध्ये हजारो लोकांनी महिन्याला थोडी थोडी रक्कम भरत ठेवली, अ‍ॅन बज या उद्योजिकेने २०१४ मध्ये मधल्या काळासाठी क्लब सांभाळला, आणि २०२१ मध्ये बहुसंख्य भाग पाठीराख्यांच्या संस्थेकडे आले. दोन्ही ठिकाणी लोकांनी आधी वर्षानुवर्षे सभा घेतल्या होत्या, वकील गाठले होते, भांडणे मिटवली होती. तुमच्या क्लबमध्ये हे लगेच शक्य होईल असे मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र फुटबॉल नियामक आला आहे, मालकांची पारख करणे हे त्याचे काम आहे आणि त्याच्या संमतीशिवाय क्लबला घरचे मैदान विकता येणार नाही. त्यामुळे न्यासाच्या पत्राला आता पूर्वीपेक्षा अधिक वजन आहे. ते पत्र कोणीतरी लिहायला मात्र हवे.

राहिली तुमची झोप आणि तुमचे मित्र. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. विक्री झाली तर ती सकाळी आठ वाजताही झालेलीच असेल. मित्राला मात्र महिनाअखेरीपूर्वी स्वतः फोन करा. तिकीट घ्यायचे की नाही हा वाद पुन्हा उकरू नका, ‘मैदान कोणाच्या नावावर आहे ते तुला माहीत आहे का?’ एवढेच विचारा. बहुधा त्यांनाही माहीत नसेल. मग एखाद्या रविवारी दोघे बसा आणि मुलीला बरोबर घ्या. १६ वर्षांची मुलगी हिशेबाच्या टिपा तुमच्या-माझ्यापेक्षा चटकन वाचेल, आणि खिडकीवरच्या बाईंना अर्धा पगार का मिळाला हा तिचा प्रश्न न्यासाच्या पुढच्या सभेत तिनेच उभे राहून विचारावा.